पंधराव्या पिढीचा गुल्तोम

"फडकं खाली घ्या, काका. पाहुणे थांबलेत."

"दोन वाजले."

"दोन वाजले म्हणून काय तोबा तळं आटलं?"

धक्क्याच्या टोकाला रोवलेल्या बांबूवर मंगासीनं लाल फडकं चढवलं आणि वर आणखी एक गाठ मारली. तीस वर्षं तो रिसॉर्टच्या होड्या चालवत होता आणि तीस वर्षं त्याचा एकच नियम होता. दुपारी दोनला डोंगरावरून वारा उतरतो, तेव्हा दोनला होड्या काठावर. मग मंत्री येवो, पाद्री येवो, नाहीतर खुद्द मालक येवो. ह्या तीस वर्षांत त्याच्या होडीतलं एकही माणूस तळ्याला मिळालं नव्हतं. तळ्याची भूक काय असते ते काठावरच्या प्रत्येक घराला माहीत आहे, फक्त रिसॉर्टच्या मॅनेजरला माहीत नव्हतं.

मॅनेजर म्हणजे बिस्तोक, मालकाचा पुतण्या. कुळानं तोही नाईबाहोच, म्हणजे मंगासीचा भाऊबंद, म्हणून तोंडात 'काका'. मेदानच्या कॉलेजात दोन वर्षं घालवून आला होता आणि तेव्हापासून त्याला गावात सगळंच जुनाट दिसायचं. जुलैची सुट्टी, शाळा बंद, प्रत्येक खोलीत चारच्या जागी सहा माणसं, आणि ह्या म्हाताऱ्याच्या फडक्यामुळे दुपारभर होड्या पालथ्या! पाहुणे कुरकुरायचे आणि बिस्तोकचं डोकं फिरायचं.

त्या दिवशी मात्र तो भांडला नाही. हसला आणि निघून गेला. मंगासीला तेव्हाच शंका यायला हवी होती.

थोड्या वेळानं एक पाहुणा एकटाच धक्क्यावर आला. चाळिशीचा, गोरटेला, डोक्यावर नवी गवती टोपी.

"होरास, लाए," तो म्हणाला.

मंगासीनं मान वर केली. होरास म्हणजे रामराम, लाए म्हणजे मेहुणा. काठावर कुणीही कुणाला लाए म्हणतं, त्यात नवल नाही. "होरास. कुठलं कुळ?"

"गुल्तोम."

मंगासीच्या हातातली दोरी तिथंच राहिली. "माझी बायको गुल्तोमांची आहे. कितवी पिढी?"

"पंधरावी."

"तीही पंधरावी!" मंगासी उठून उभा राहिला. पायजम्याला हात पुसले आणि दोन्ही हातांनी त्या माणसाचा हात धरला. "म्हणजे तुम्ही तिचे भाऊ. देवा रे! इथं बसा. नको, इथं ओलं आहे, तिकडे बसा."

बायकोचं माहेर म्हणजे आमच्याकडे डोळ्यांना दिसणारा देव. ज्यांनी मुलगी दिली त्यांच्यापुढे जावयानं मान खाली ठेवायची, त्यांच्या शब्दाला 'नाही' म्हणायचं नाही. म्हटलं तर शेत पिकत नाही, मुलं जगत नाहीत, असं म्हातारे सांगतात. आणि पिकलं तरी लोक तोंडात शेण घालतात ते वेगळंच.

"लाए, पोरांना पलीकडचा धबधबा बघायचाय," पाहुणा म्हणाला.

मंगासीनं तळ्याकडे पाहिलं. लाटांना पांढरे तुरे फुटायला लागले होते. "आजचा दिवस माफ करा. उद्या आमच्या घरी जेवायला या सगळे. मग मी स्वतः नेतो."

घरी जाऊन त्यानं तियार्माला सांगितलं तेव्हा ती रताळ्याचा पाला चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"खरंच पंधरावी म्हणाला?"

"मी स्वतः विचारलं."

ती उठली, खांद्यावरच्या फडक्यात तोंड खुपसून थोडी रडली, मग डुकराच्या गोठ्याकडे गेली.

तियार्माला सख्खा भाऊ एकच होता, तो लग्नाआधीच तापानं गेला. शाळामास्तर बाप गेला, माहेरच्या घराला कुलूप लागलं, छपरावर गवत उगवलं. एक चुलता फार पूर्वी समुद्रापलीकडे कालिमांतानला गेला होता, त्याचं पत्र यायचंही थांबलं होतं. लग्नाकार्यात माहेरच्यांचा मान पुकारला की तिची बाजू रिकामी. लेकीच्या, लास्माच्या, लग्नात दुसऱ्या गावचे लांबचे गुल्तोम बोलावून आणून बसवले होते, उसनं पातेलं आणावं तसे. आणि बाईमाणूस मेलं की तिच्या अंगावर शेवटचं उलोस माहेरच्यानंच घालायचं असतं. ते हातमागाचं वस्त्र अंगावर पडल्याशिवाय पेटीचं झाकण लागत नाही. तियार्मा हल्ली दर दोन-चार दिवसांनी म्हणायची, "माझ्यावर कोण घालणार रे?" मंगासी म्हणायचा, "आधी मर तर खरी, मग बघू." पण त्यालाही रात्री तोच प्रश्न टोचायचा.

डुक्कर एकच होतं, नाताळासाठी वाढवलेलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ते मारलं.

पाहुणे आले साडेबाराला. तो, त्याची बायको, मोठा मुलगा आणि नऊ वर्षांची निना. रिकाम्या हातांनी आले. माहेरचा माणूस लेकीच्या घरी मासे घेऊन येतो, हळदीत शिजवलेले, एका रांगेत मांडलेले. हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मंगासीची नजर त्यांच्या हातांवर गेली तशी तियार्मानं कोपरानं ढोसलं.

"शहरात वाढलेलं माणूस आहे ते. त्याला काय ठाऊक? तू उगाच तोंड वाकडं करू नकोस."

डुकराच्या जबड्याचा तुकडा, मानाचा, तिनं स्वतः त्याच्या पानात वाढला. त्यानं त्याचा फोटो काढला. ती त्याला बापाच्या गोष्टी सांगत राहिली, घराच्या, कुलपाच्या, छपरावरच्या गवताच्या. तो "हो, ताई, हो, ताई" करत होता आणि घड्याळ बघत होता. सव्वादोनला म्हणाला, "चला की लाए. कबूल केलंत ना?"

"आता वारा उतरलाय. उद्या सकाळी सहाला..."

"उद्या आम्ही निघणार. बहिणीच्या घरी येऊन पोरं रडत परत जायची का?"

मंगासीनं तियार्माकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर एवढी विनवणी त्यानं लग्नापासून पाहिली नव्हती.

"तुमचा भाऊ आहे, तुम्हीही चला ना, ताई," पाहुण्याची बायको म्हणाली. आणि तीस वर्षांत नवऱ्याच्या होडीत एकदाही न बसलेली तियार्मा चांगलं लुगडं गुंडाळून धक्क्यावर आली.

लाल फडकं मंगासीनं स्वतःच्या हातानं उतरवलं. बिस्तोक व्हरांड्यात उभा राहून बघत होता.

जाताना वारा पाठीशी होता, तोवर सगळे गात होते. परतीला वारा समोर आला. होडीचं नाक वर उडायचं आणि थडकन खाली आपटायचं, पाणी गुडघ्याएवढं आत आलं. निना किंचाळायला लागली. मंगासीनं इंजिन सांभाळलं आणि देवाचं नाव घेतलं. धक्का हातभर अंतरावर आला आणि एक लाट बाजूनं बसली. होडी तिरपी होऊन सिमेंटवर गेली. निनाचं डोकं काठाबाहेर होतं. तियार्मानं पोरीला आत ओढलं, पण तिचा स्वतःचा उजवा हात तेवढा होडी आणि धक्का यांच्यामध्ये राहिला.

हाड मोडल्याचा आवाज मंगासीनं इंजिनच्या आवाजातही ऐकला.

सरकारी दवाखान्यात नर्सनं दोघींना शेजारी शेजारी बसवलं. निनाच्या हनुवटीला दोन टाके पडायचे होते, तियार्माच्या हाताचं मनगटापासून कोपरापर्यंत काही खरं नव्हतं. ती कण्हत होती आणि मधूनच डाव्या हातानं पोरीच्या केसांवरून हात फिरवत होती.

नर्सनं कागद पुढे ओढला. "मुलीच्या वडिलांचं नाव?"

"हेंद्रा विजाया."

"कुळ?"

"कुळबिळ नाही आम्हाला. आम्ही सेमारांगचे."

बोलून झाल्यावर त्याला दारात उभा असलेला मंगासी दिसला. अंगावरून पाणी निथळत होतं.

"ते... तुमचे मॅनेजर म्हणाले होते," हेंद्रा पुटपुटला. "असं सांगितलं की म्हातारा नाही म्हणत नाही. मला वाटलं, गंमत आहे."

"पंधरावी पिढी?"

"तेही त्यांनीच शिकवलं."

मंगासीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण हात उचलला गेला नाही. माणूस परका होता. परक्याला काय कळणार? त्यानं वळून तियार्माकडे पाहिलं. तिनं ऐकलं होतं. पोरीच्या केसांवरचा हात तिनं काढला नाही, फक्त डोळे मिटले.

पिढी बिस्तोकला कुठून कळली हे विचारायची गरज नव्हती. गेल्या नाताळात तो ह्याच दोघांच्या अंगणात ताडी पीत बसला होता. तियार्मानंच त्याला बापाची, आजाची, पणजाची नावं मोजून दाखवली होती. तिच्या हातचं तीनदा मागून खाल्लं होतं त्यानं. घरात घेतलेल्यानंच केसानं गळा कापला.

संध्याकाळी मंगासी ऑफिसात गेला.

"चल माझ्या घरी."

"कशाला?"

"तियार्माच्या पाया पडायला."

"काका, बसा आधी. पाणी प्या." बिस्तोकनं खुर्ची पुढे केली. "हाताचं वाईट झालं, मान्य. पण पाहुणे खूश होते की! मेलं का कुणी? आणि कुळ, पिढी, हे सगळं तुम्ही किती दिवस धरून बसणार? एक शब्द आहे तो. एका शब्दानं तुमचं फडकं खाली आलं, तर दोष शब्दाचा की फडक्याचा?"

"तू आमच्यातला आहेस," मंगासी म्हणाला. "तो परका होता. तू आमच्यातला आहेस, भाड्या."

दुसऱ्या दिवशी बिस्तोकनं फळांची टोपली पाठवली, वर रंगीत कागद आणि रिबीन. तियार्मा प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसली होती.

"डुक्कर असतं तर त्याला घातली असती," ती म्हणाली.

टोपली तशीच कुजली.

नोकरी सोडावी असं मंगासीला दहादा वाटलं. पण मग लाल फडकं कोण चढवणार? बिस्तोक तर कुठल्याही दारुड्याच्या हाती इंजिन देईल. तो परत गेला. पण रिसॉर्टभर गोष्ट पसरली होती आणि गोष्टीची थट्टा व्हायला वेळ लागत नाही. आचारी भाताची पाटी पुढे करत म्हणायचा, "घ्या, गुल्तोमांकडून आलाय." माळी विचारायचा, "लास्माच्या बापा, आज मेहुणे किती?" आणि बिस्तोक त्यात सर्वांत मोठ्यानं हसायचा. मंगासी ओठ आवळून होड्या पालथ्या करायचा. त्याच्या अंगाचा दिवसभर तिळपापड व्हायचा आणि रात्री घरी तो तियार्मावर ओरडायचा, मग तिला एका हातानं वेणी घालता येत नाही म्हणून स्वतःच घालून द्यायचा.

रविवारी धक्क्यावर जत्रा भरली होती. दोनला फडकं चढलं तशी पोरांनी हुल्लड केली. अडीच वाजता व्हरांड्यातून बिस्तोकचा आवाज आला.

"काका! अजून एक गुल्तोम आलाय बघा तुमचा!"

सगळे हसले.

पायऱ्या उतरून एक माणूस येत होता. पन्नाशीचा, काळसर, इस्त्री मोडलेला सदरा. मागे बायको, तिच्या हातात फडक्यात बांधलेलं मोठं भांडं. मागे दोन मुलं, प्रवासानं पेंगुळलेली.

"होरास, लाए," तो माणूस म्हणाला. "मंगासी नाईबाहो तुम्हीच ना? मी तोगार गुल्तोम."

दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मंगासीनं ताकाचं भांडंच भिरकावलं.

"कितवी पिढी?"

"पंधरावी."

"पंधरावी! वा!" मंगासी टाळ्या वाजवत त्याच्या अंगावर गेला. "सगळे पंधरावेच! चौदावा कुणी नाही, सोळावा कुणी नाही! पाठ करून घेतलंस का रे वर? काय हवंय, धबधबा? पोरं रडताहेत?"

"लाए, माझं ऐका तरी..."

"लाए म्हणू नकोस! जीभ झडेल! गुल्तोम सगळे मेले, कळलं? माझ्या बायकोच्या माहेराला कुलूप आहे, त्यावर गवत उगवलंय. आणि तुम्ही रोज नवा मुखवटा घालून येता! बाप विकत मिळतो का रे मेदानच्या बाजारात? तुझ्या आईला जाऊन विचार, बाप कोण!"

कुणी हसलं नाही. मंगासी त्या माणसाच्या पायापाशी थुंकला.

तोगारची बायको पुढे सरसावली, "अहो, आम्ही..." त्यानं हात आडवा धरून तिला थांबवलं. तो पांढराफटक पडला होता. मग बायकोच्या हातातून भांडं घेतलं, वाकून धक्क्याच्या दगडावर ठेवलं, आणि मुलांना पुढे घालून आल्या वाटेनं वर गेला. धावला नाही, मागे वळून पाहिलं नाही.

"बरं झालं," मंगासी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "एकाला तरी दाखवला इंगा." बिस्तोककडे बघून तो आणखी मोठ्यानं म्हणाला, "पाठव अजून! पाठव!"

"मी नाही पाठवला, काका," बिस्तोक म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. "तो तुमचं नाव विचारत आला. खरंच. मी नुसती थट्टा केली."

मंगासी तरी तासभर होड्या घासत राहिला. भांड्याकडे त्यानं पाहायचं नाही असं ठरवलं होतं. शेवटी माश्या घोंगावायला लागल्या म्हणून त्यानं फडक्याची गाठ सोडली.

आत भातावर पाच मासे होते. हळदीनं पिवळेधमक, मसाला अजून ओलसर. पाचही एका रांगेत, पाचांची डोकी एकाच बाजूला.

तो बस थांब्याकडे पळाला. छप्पन्न वर्षांचा माणूस, अनवाणी, तोंडानं "ओ लाए! ओ लाए!" करत. थांब्यावर रुस्लीच्या आईची खानावळ होती. ती दारातच बसली होती.

"आत्ताच गेली बस," ती म्हणाली. "काय झालं रे? तो माणूस आला तेव्हा किती आनंदात होता. सकाळी माझ्याच चुलीवर त्याच्या बायकोनं मासे रांधले. मला म्हणाली, कालिमांतानहून आलोय, तीन दिवस झाले निघून. सासऱ्यानं मरताना सांगितलं होतं, मास्तरांच्या मुलीला शोधा, तिला माहेर नाही. आणि आत्ता आला तर एक शब्द बोलेना. पोरं भुकेली होती, पण जेवलाही नाही. तू भेटला नाहीस का त्याला?"

घाटाच्या वळणावर बसचं धूड एकदा दिसलं आणि डोंगराआड गेलं.

मंगासी भांडं घेऊन घरी आला. तियार्मा अंगणात बसली होती. त्यानं भांडं तिच्यापुढे ठेवलं, फडकं बाजूला केलं आणि उभाच राहिला. तिनं मासे पाहिले, मोजले, त्यांची डोकी कुठल्या बाजूला आहेत ते पाहिलं.

"कोण आलं होतं?"

"तुझ्या काकाचा मुलगा. तोगार."

"कुठंय?"

"गेला."

"गेला म्हणजे? काय म्हणाला?"

"मी बोलू दिलं नाही," मंगासी म्हणाला. मग त्यानं स्वतः काय काय म्हटलं ते सगळं सांगितलं. आईचंही सांगितलं, थुंकल्याचंही सांगितलं. काही गाळलं नाही.

ती त्याला मारेल असं त्याला वाटलं. तिनं मारायला हवं होतं. पण तिनं डाव्या हातानं एका माशाचा तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावत राहिली. दुसरा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. माहेरचं अन्न टाकायचं नसतं. त्याला ते गिळवेना.

माहेरच्याला दुखवलं की एकच वाट असते. डुक्कर घेऊन त्याच्या दारी जायचं आणि पाय धरायचे, मग ते दार कालिमांतानला का असेना. रिकाम्या हातानं गेलं तर गेल्यासारखं धरत नाहीत. आणि पिल्लू आणलं तरी ते मानाचं व्हायला वर्ष लागतं.

तियार्मा उठली. प्लास्टरचा हात पोटाशी धरून तिनं कोपऱ्यातला खराटा घेतला आणि गोठ्याचं फाटक पायानं उघडलं. आत वाळकी घाण होती, कोळ्यांची जाळी होती. ती डाव्या हातानं झाडायला लागली.

मंगासी पुढे झाला. "दे, मी करतो."

"तू सर," ती म्हणाली.